बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

बार्शी : १९६९ सालचा पावसाळा महाराष्ट्राला फार महागात पडला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटारीचा अपघात झाला, त्यात शाहीर अमर शेख गेले. अकरा आठवड्यांत तीन माणसं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या शब्दावर आणि आवाजावर मैदानं भरायची, त्यातली ही तिघं एकाच पावसात हातची गेली.

अत्र्यांची पुस्तकं, नाटकं, सिनेमे आहेत. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ आज गावोगावच्या वाचनालयात आहे, त्यांची जयंती प्रत्येक तालुक्यात वाजतगाजत होते. अमर शेख यांचं मात्र तसं झालं नाही. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण या माणसानं नेमकं केलं काय, असं विचारलं तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातसुद्धा पुष्कळ जण गप्प बसतात. त्याला कारणही आहे. या माणसाची खरी इस्टेट म्हणजे त्याचा गळा. आणि गळा काही कपाटात ठेवता येत नाही.

जात्यावरचं शिक्षण

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुसलमान घरात मुलगा जन्माला आला. नाव ठेवलं मेहबूब. मेहबूब हुसेन पटेल. आडनाव पटेल असलं तरी घरात पाटीलकीतलं काही नव्हतं. आई मुनेरबी. पोराच्या आयुष्यात पुढं जे काही गाणं आलं, त्याची सुरुवात या माउलीपासून झाली.

मुनेरबीला गाण्याची आवड, लोकगीतांचा साठा मोठा. आताच्या पोरांना जातं म्हणजे फार्महाऊसच्या दारात शोभेला ठेवलेला दगड वाटेल, पण त्या काळी पहाटे घरोघरी जातं फिरायचं आणि त्याच्या घरघरीवर बाया ओव्या म्हणायच्या. भावाची ओवी, माहेराची ओवी, पंढरीच्या वाटेची ओवी. आपल्या भागात मुसलमान बायाही मराठी ओव्या म्हणत. त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. गावची बोली एक, जातं एक, दुखणंही एकच.

जात्यावर गाणं हे काही सोपं काम नाही बरं का. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हातानं वैरण घालायची आणि त्याच दमात ओवी म्हणायची. जोर लागतो तिथं आवाज चढतो, खुंटा ढिला पडतो तिथं श्वास घ्यायचा. ओवी लांबली तर दम पुरवून आणायचा. गाण्याच्या शाळेत जो दमसास मिळवायला वर्षं घालवावी लागतात, तो या बायांच्या छातीत पिठाबरोबर आपोआप भरला जायचा. ज्याचं बालपण असल्या आवाजाच्या शेजारी गेलं, त्याला वेगळा उस्ताद शोधायची गरज पडली नाही.

दुसरं शिक्षण गावानं दिलं. बार्शी म्हणजे बाजारपेठ. बार्शी तिथं सरशी, असं आपल्याकडं म्हणतातच. चहूबाजूंनी निजामाचा मुलूख आणि मधे इंग्रजी अमलाखालची ही पेठ, म्हणून परंडा, भूम, धाराशिवाकडचा शेतकरी माल घेऊन इथंच यायचा. १८९७ पासून बार्शी लाइटची छोटी रेल्वे धावत होती. कापसाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांत कामगार होते. भगवंताच्या देवळामुळं टाळकरी, कीर्तनकार, वारकरी यांची ये-जा. बाजाराच्या दिवशी गोंधळी, वासुदेव, डोंबारी, तमाशेवाले. कानाला भूक असलेल्या पोराला याहून मोठी शाळा कुठली मिळणार?

पोटाची भूक मात्र तशीच होती. मेहबूबनं पाणक्याचं काम केलं, लोकांच्या घरी पाणी भरलं. मोटारीवर क्लीनर म्हणून राबला. मग गिरणीत कामगार झाला. शाहीर म्हणून पुढं हमालाचं, गिरणीवाल्याचं, बिगाऱ्याचं गाणं त्यांनी गायलं तेव्हा ते ऐकीव नव्हतं. हाताला आधी घट्टे पडले, गाणी नंतर आली.

गिरणी, तुरुंग आणि नवं नाव

मेहबूब चौदाव्या वर्षात होता तेव्हा सोलापूर पेटलं. १९३० च्या मे महिन्यात शहरात गोळीबार झाला, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. चौघे चार घरांतले, दोर एकाच सरकारचा. बार्शीसारख्या जवळच्या गावात ही बातमी कशी पोचली असेल आणि तिनं वाढत्या पोरांच्या डोक्यात काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय चळवळीची हवा मेहबूबलाही याच दिवसांत लागली.

पुढं गिरणीत संप झाला. त्या संपात पुढं राहिल्याबद्दल त्याला विसापूरच्या तुरुंगात जावं लागलं. तुरुंगात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली. मजुरी इतकी कमी का, गिरणी कुणाची, घाम कुणाचा, हे प्रश्न तोवर अंगावर पडलेले होते. आता त्यांची जुळणी कशी लावायची ते कळू लागलं. बाहेर आलेला मेहबूब लाल बावट्याचा होता.

मधल्या काळात तो कोल्हापूरला गेला. तेव्हा कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाचं माहेरघर. मास्टर विनायक यांच्याकडं त्यानं काम धरलं. तिथल्या मित्रमंडळींत त्याला अमर शेख हे नाव पडलं आणि तेच पुढं कायम झालं. मेहबूब पटेल मागं राहिला. अर्धं नाव हिंदू घरातलं वाटावं, अर्धं मुसलमान घरातलं. ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

पडद्यावर नट व्हायची वाट तिथून सरळ होती. चेहरा रांगडा, आवाज तगडा. पण गडी मुंबईला गेला तो पक्षाच्या कामाला, कामगारांच्या वस्तीत.

लाल बावट्याचं त्रिकूट

मुंबईत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. हे त्रिकूट मराठी शाहिरीत पुन्हा झालं नाही, असं म्हटलं तर कुणाला फार वावगं वाटू नये. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, दीड दिवस शाळेत गेलेले, पण शब्द असा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहावं. गवाणकर लिहिणारे, गाणारे आणि पथक बांधून ठेवणारे. आणि अमर शेख म्हणजे पहाडी आवाज.

पहाडी आवाज हा शब्द आपण आता कुणालाही लावतो. इथं त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. परळ-लालबागच्या मैदानात हजारो कामगार बसलेले. लाऊडस्पीकर कधी असायचा, कधी नसायचा, असला तर मधेच बंद पडायचा. शाहिरानं डफावर थाप मारायची, मागं तुणतुणं, झांज आणि झीलकरी. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी तिचं शेपूट पकडून जी जी म्हणत सूर धरून ठेवतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ पहिलीपेक्षा वरून उचलतो. चौकाचा शेवट आला की सगळे एकदम थांबतात. ती जी शांतता असते ना, तिच्यात शाहिराची परीक्षा असते. माणसं खाकरली, उठली, विडी पेटवायला लागली, तर पोवाडा पडला. अमर शेखांच्या वेळी माणसं जागची हलत नसत.

त्यांची तऱ्हा जुन्या शाहिरांहून वेगळी होती. जुना शाहीर फेटा, अंगरखा घालून राजाची कीर्ती सांगायचा. या मंडळींनी राजाच्या जागी मजूर आणला. गण-गौळणीनं सुरू होणारा तमाशा घेतला, पण नमन देवाऐवजी कष्ट करणाऱ्याला केलं. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णाभाऊंचा पोवाडा आला, बंगालच्या दुष्काळावर आला. बंगालात माणसं उपाशी मरतायत, ही बातमी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपुरतीच राहिली असती. न वाचणाऱ्यांपर्यंत ती पोचली ती डफावर. आज मोबाईलवर एक क्लिप फिरते आणि साऱ्या तालुक्याला कळतं, तसंच हे काम होतं. फरक इतकाच की तेव्हा क्लिप म्हणजे घाम गाळत उभा असलेला जिवंत माणूस होता आणि त्याला गावोगावी स्वतः जावं लागायचं.

स्वातंत्र्य आलं तरी या पथकाचे दिवस काही सुधारले नाहीत. १९४८ नंतर कम्युनिस्टांवर सरकारची करडी नजर बसली. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. पथकाच्या कार्यक्रमांवर गदा आली. तेव्हा तमाशाचंच रूप बदलून लोकनाट्य म्हणून ते लोकांपुढं आणलं गेलं. आज आपण लोकनाट्य हा शब्द सहज वापरतो, त्याच्या मागं या बंदीचाही हात आहे.

याच धामधुमीत अमर शेखांचा संसार उभा राहिला. चळवळीतल्याच कुसुम जयकर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा मुसलमान, मुलगी हिंदू, दोघांची मिळकत अनिश्चित आणि घर कार्यकर्त्यांनी भरलेलं. प्रेरणा आणि मल्लिका या त्यांच्या मुली अशा घरात वाढल्या.

स्वतःचं लिहिणं आणि दुसऱ्याचं गाणं

अमर शेख नुसते गायक होते असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ते स्वतः लिहीत, चाल बांधत आणि गात. १९५१ साली त्यांची ‘अमरगीत’ ही गाणी पुस्तकरूपानं आली, त्याच वर्षी ‘पहिला बळी’ हे नाटक. ‘कलश’ हा कवितासंग्रह १९५८ चा आणि ‘धरतीमाता’ १९६३ चा. शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, उधमसिंगांवर लिहिला. अत्र्यांनी त्यांना रशियन क्रांतीचा कवी मायकोव्हस्की याच्या पंक्तीला बसवलं होतं. अत्रे कौतुकात हात आखडता घेणारे नव्हते हे खरं, पण ही तुलना उगाच नव्हती. मायकोव्हस्कीची कविता जशी सभेत उभं राहून मोठ्यानं म्हणण्यासाठी होती, तशीच अमर शेखांचीही.

म्हणूनच त्यांची पुस्तकं आज हातात घेतली की एक अडचण येते. कागदावर काही ओळी साध्या वाटतात. एखादा शब्द दोनदा-तीनदा आलेला असतो, एखादी ओळ उगाच तुटल्यासारखी वाटते. वाचणाऱ्यानं तिथं घाई करू नये. जिथं शब्द पुन्हा येतो तिथं झीलकऱ्याला जागा सोडलेली आहे. जिथं ओळ तुटते तिथं डफाची थाप आहे. शेतकऱ्याला नुसती मोकळी तिफण दाखवून पेरणी कळणार नाही, तसं आहे हे.

त्यांचा आणखी एक गुण कवींमध्ये फारसा आढळत नाही. ते दुसऱ्याचं गाणं आपल्या गाण्याइतक्याच जीवानं गात. अण्णाभाऊंची संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली गावाकडं राहिलेल्या मैनेची छक्कड महाराष्ट्रभर पोचली, त्यात अमर शेखांच्या आवाजाचा मोठा वाटा. ती लिहिणारा गावापासून तुटलेला, गाणाराही गावापासून तुटलेला आणि ऐकणारा गिरणीकामगार तर अख्खाच्या अख्खा कोकण, सातारा, सोलापूरहून आलेला, बायको-पोरं गावी ठेवून खोलीत दहा-बारा जणांत झोपणारा. गाणं बायकोच्या विरहाचं, पण शेवटी ते जाऊन भिडायचं बेळगाव, कारवारला, महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाला. चार माणसं रडायची आणि मग तीच चार माणसं मोर्चात पुढं असायची.

लिहिणाऱ्याचं नाव मागं पडेल की गाणाऱ्याचं, असा हिशेब या मंडळींनी तेव्हा मांडला नाही. नंतर काळानं मांडला. लिहिणाऱ्याचा कागद राहिला.

संयुक्त महाराष्ट्राचं रण

१९५५ ते १९६० ही पाच वर्षं म्हणजे अमर शेखांच्या आयुष्याचं ऐन पीक.

मराठी बोलणाऱ्यांचं मुंबईसह एक राज्य व्हावं, ही मागणी दिल्लीत मान्य होत नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षाच्या जानेवारीत पुन्हा गोळीबार. या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन विचाराचे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे एका व्यासपीठावर आले. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात आणि महाराष्ट्राचं मिळून द्वैभाषिक राज्य लादलं गेलं, तसा राग आणखी वाढला.

सभेला बोलणारे पुष्कळ होते. अत्रे हसवायचे, डांगे समजावून सांगायचे, प्रबोधनकार झोडपून काढायचे, सेनापती बापट नुसते उभे राहिले तरी माणसं हात जोडायची. पण लाखाची सभा भाषणाआधी बांधून ठेवायची आणि भाषण संपल्यावर पेटती घरी पाठवायची, हे काम शाहिरांचं. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील अशी फळीच होती. आत्माराम पाटलांनी संयुक्त महाराष्ट्राचा पोवाडा घातला, शाहीर साबळ्यांसारखे वेगळ्या वाटेचे कलावंतही महाराष्ट्र गात होते.

अमर शेख शिवाजी पार्कला गायले, कामगार मैदानात गायले आणि तितक्याच ताकदीनं तालुक्याच्या बाजारतळावर गायले. एसटीनं, मालमोटारीनं, जे मिळेल त्यानं. रात्री उशिरा सभा, पहाटे पुढचं गाव. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. कोणत्या पक्षामुळं किती मतं फिरली याची चर्चा अजून चालते. शाहिरांमुळं किती फिरली हे मोजायला काही साधन नाही. पण तेव्हाच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना उमेदवाराचं नाव आठवत नसे आणि पोवाड्याची चाल आठवत असे, हे मात्र खरं.

याच काळात गोव्याचाही प्रश्न होता. पोर्तुगीजांविरुद्ध १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या महाराष्ट्रातून गोव्याच्या हद्दीत शिरत होत्या, १५ ऑगस्टला त्यांच्यावर गोळ्या चालल्या. गोवा मुक्तीसाठीही अमर शेखांचा डफ वाजला.

एक गोष्ट इथं नीट लक्षात घ्यायला हवी. हा मुसलमान माणूस. शिवाजी महाराजांचा पोवाडा घालतोय, महाराष्ट्राची माती कपाळाला लावतोय आणि समोर बसलेल्या लाख माणसांत कुणालाही त्यात काही खटकत नाही. त्यानं कधी आपला धर्म लपवला नाही, नावातला शेख काढून टाकला नाही. त्याला कुणी वेगळं प्रमाणपत्रही मागितलं नाही. आजच्या सोशल मीडियाच्या दिवसांत हे वाचताना थोडं थांबावंसं वाटतं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी राहून गेलं. शाहिरांची गरज राज्य मिळेपर्यंत सगळ्यांना होती. राज्य मिळाल्यावर मंत्रिपदं, महामंडळं, साखर कारखाने निघाले. अमर शेखांच्या हातात डफ होता तो तसाच राहिला.

पडदा, रंगभूमी आणि हिमालय

सिनेमानं त्यांना अधूनमधून बोलावलं. अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ हा १९५४ चा राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळवणारा चित्रपट. त्यात ते होते. १९६१ च्या ‘प्रपंच’ मध्ये गरीब कुंभाराच्या कुटुंबाची गोष्ट होती, पोरं जास्त आणि मिळकत कमी. त्या मातीच्या माणसाचा चेहरा अमर शेखांनी दिला. नाटकातही कामं केली. पडद्यावर चार पैसे होते, पण ते त्यात रमले नाहीत.

१९६२ साल आलं आणि एक अवघड प्रसंग आला. ऑक्टोबरात चीननं हिमालयातून हल्ला केला. कम्युनिस्ट पक्षात चीनच्या प्रश्नावर दुफळी होती, ती इतकी वाढली की १९६४ साली पक्षच फुटला. अमर शेखांचं आयुष्य लाल बावट्याखाली गेलेलं. गप्प बसणं सोयीचं होतं. ते गप्प बसले नाहीत. हिमालयाच्या बर्फाला आग लागली आहे आणि ती विझवायला निघायचं आहे, अशी कल्पना घेऊन त्यांनी गाणं रचलं आणि ते घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. संरक्षण निधीला लोकांनी पैसे दिले, बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले तो काळ. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच वेळी. तीन-चार वर्षांमागं अमर शेखांच्या पोवाड्यात ज्यांच्या सरकारवर आसूड होता, त्यांच्याच खात्याला मदत म्हणून आता ते गात होते. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धातही त्यांनी जवानांसाठी कार्यक्रम केले.

काहींना हे पटलं नसेल, काहींनी नाकं मुरडली असतील. पण शाहीर म्हणून बघितलं तर त्यांच्या वागण्यात एक सूत्र दिसतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूनं डफ. गिरणीमालक असो, मुंबई सरकार असो, पोर्तुगीज असो की चीन.

या साऱ्या धावपळीत त्यांनी ‘युगदीप’ नावाचं नियतकालिकही संपादित केलं, स्वतःचं कलापथक चालवलं, नव्या पोरांना तयार केलं. पथक चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं गावात भजनी मंडळ चालवलंय त्याला कळेल. पेटी एकाची, ढोलकी दुसऱ्याची, एकाचं घरी भांडण, दुसऱ्याच्या कामावर खाडा, गाडीभाडं कुणी द्यायचं यावर रोज काथ्याकूट. आणि सगळ्यांचं पोट शेवटी एका माणसाच्या घशावर. घसा बसला की चूल बसली.

इंदापूरचा रस्ता

१९६९ च्या ऑगस्टपर्यंत ते असेच फिरत होते. वय ५२. जून महिन्यात अत्रे गेले, जुलैत अण्णाभाऊ. अण्णाभाऊ अवघे ४८ वर्षांचे, गोरेगावला हलाखीतच गेलेले. पंचवीस वर्षांपूर्वी एकाच डफावर उभे राहिलेल्या तिघांतला एक कमी झाला होता. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटारीचा अपघात झाला आणि अमर शेखही गेले.

मागं घरात पैसाअडका नव्हता. धाकटी मल्लिका तेव्हा शाळकरी वयाची. ती पुढं मराठीतली नावाजलेली कवयित्री झाली, दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या तिच्या आत्मकथनानं मराठी वाचकांना हलवून सोडलं. त्यात बापाबद्दलचं प्रेम ठिकठिकाणी येतं. गर्दीतला अमर शेख सगळ्यांनी पाहिलेला होता, घरातला त्या पुस्तकात सापडतो.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावानं अध्यासन आहे, तिथं लोककलेचा अभ्यास चालतो. त्यांच्या आवाजातली मोजकी गाणी ध्वनिमुद्रित झाली, ती मोबाईलवर शोधली तर मिळतात. रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर आहे. हेडफोन काढून, मोबाईलचा आवाज पूर्ण सोडून, अंगणात किंवा रानात ऐकावं. बंद खोलीसाठी तो गळा नव्हताच.

बार्शीहून पुण्या-मुंबईला निघालेली एसटी आजही कुर्डुवाडी, टेंभुर्णी करून इंदापूरवरूनच जाते.